तासाभराचा पहिला वर्ग

हवाई प्रवास जेमतेम तासाभराचा असता त्यात वरच्या वर्गाचे तिकीट कोणी व कशाकरिता काढावे, हा प्रश्न वरवर पाहता श्रीमंतांच्या चैनीचा वाटेल. आमच्या मते तो इतिहासाचा आहे. कोल्हापूरकडील घोडावत उद्योगसमूहाच्या स्टार एअर ह्या कंपनीने २०१९ साली आपली उड्डाणे सुरू केली व २०२३ पासून एंब्रेअर १७५ जातीची विमाने चालविण्यास घेतली. ह्या विमानात एकंदर ७६ जागा. पैकी पुढील १२ वरच्या वर्गाच्या व मागील ६४ सर्वसाधारण. कंपनीचा सगळा भर मधल्या गावांना जोडण्यावर असल्यामुळे तिची पुष्कळशी उड्डाणे तास-दीड तासांचीच असतात. विमान वर चढून स्थिरावते न स्थिरावते तोच उतरणीस लागते. झोप घ्यावी म्हटले तर डोळा लागण्यापूर्वी गाव येते. खावयास घ्यावे तर ताट पुढे येते न येते तोच पट्टे बांधण्याची सूचना होते. शिवाय पुढचा उतारू व मागचा उतारू एकाच क्षणी जमिनीला टेकतात. मग जादा दाम मोजावयाचे ते कशाचे?

रुंद खुर्ची, पाय पसरावयास जागा, आधी चढणे, आधी उतरणे, ही उत्तरे खोटी नाहीत. गुडघेदुखीने बेजार झालेल्या वृद्धाने ते तिकीट काढले, तर त्याची थट्टा करणे कोणासही शोभणार नाही. परंतु लांबच्या प्रवासात सुखसोयींच्या आड जी गोष्ट झाकून राहते, ती आखूड प्रवासात उघडी पडते. मुंबईहून लंडनास जाणारा पहिल्या वर्गाचा उतारू झोप विकत घेतो. तासाभराच्या प्रवासाचा उतारू विकत घेतो ते अंतर, आणि हे अंतर गावागावांमधील नव्हे, माणसामाणसांमधील असते. दोन वर्गांच्या मध्ये जो वीतभर पडदा लोंबतो, तीच ह्या तिकिटाची खरी वस्तू होय.

ह्या वस्तूचा पूर्वेतिहास पाहावयास सातारा जिल्ह्यातील खंडाळ्याइतके सोयीचे ठिकाण दुसरे नसावे. खंडाळा म्हटले की बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे खंडाळे उभे राहते. आमचे खंडाळे ते नव्हे. पुण्याहून साताऱ्यास जाताना नीरा ओलांडावी, शिरवळ मागे टाकावे आणि खंबाटकीचा घाट चढण्यापूर्वी जे तालुक्याचे गाव लागते ते हे. गावात आगगाडी नाही; पण तालुक्यातील लोणंद हे पुणे-मिरज लोहमार्गावरील जुने स्टेशन आहे. विमान पकडावयाचे तर येथल्या माणसास पुण्याच्या लोहगावापर्यंत जावे लागते. असे असूनही पालखी, बैलगाडी, टांगा, आगगाडी, मोटार अशी प्रवासाची सारी स्थित्यंतरे ह्या एका तालुक्याने पाहिली आहेत.

छत्रपतींची राजधानी साताऱ्यास असता पालखी ही सोय नव्हती, तो मान होता. तो दरबाराने बहाल करावयाचा, आणि पालखीबरोबर भोयांच्या खर्चाची नेमणूकही करून द्यावयाची. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘पालखीची नेमणूक’ हा शब्दप्रयोग जागोजाग भेटतो. सावकाराच्या घरी द्रव्याची रास असली, तरी तेवढ्याने तो पालखीचा मानकरी ठरत नसे. म्हणजे वरचा वर्ग त्या काळीही होताच. फक्त तो विकत मिळत नव्हता.

ह्याच तालुक्यात दरवर्षी आषाढीच्या सुमारास दुसरी एक पालखी नीरा ओलांडून येते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांना नीरेत स्नान घडते व सोहळा लोणंदास मुक्कामाला उतरतो. तेथे वाहनात बसतात त्या पादुका. माणसे सगळी पायी. रथाच्या पुढे कोणती दिंडी चालावी व मागे कोणती, ह्याचा क्रम वारीतही काटेकोरपणे ठरलेला असतो आणि त्यावरून वाद झालेलेही आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. पुढे-मागे असण्याचा मोह माणसाला देवाच्या वाटेवरही सुटत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेचा मीटर मापाचा मार्ग पुण्याहून मिरजेकडे गेला, आणि पालखीच्या मानाचा बाजार झाला. बाजार हा शब्द आम्ही निंदेने वापरीत नाही. जो मान दरबार देई, तो आता तिकिटाच्या खिडकीवरचा बाबू देऊ लागला. द्रव्य असेल त्याने तो घ्यावा, कुळाची चौकशी नाही. कागदावर तरी ही मोठीच क्रांती होती. ह्या मानाची किंमत किती, ते महात्मा गांधींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या हालांविषयी जे पत्र प्रसिद्ध केले त्यावरून समजते. मुंबई-मद्रास प्रवासाचा हिशेब मांडून त्यांनी दाखविले, की पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक आहे. आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूला पहिल्याच्या सुखाचा एक-पंचमांश, नव्हे एक-दशांश तरी वाटा मिळतो काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

परंतु खिडकीवर जे मिळते ते डब्यात टिकतेच असे नाही. न्यायमूर्ती रानडे एकदा पहिल्या वर्गाने पुण्यास परतत होते. वाटेत स्नेह्यांशी बोलण्यासाठी ते दुसऱ्या डब्यात गेले असता एका गोऱ्या गृहस्थाने त्यांचे सामान खाली टाकून जागा बळकाविली. रानड्यांनी तक्रार केली नाही, डॉ. भांडारकरांच्या जागेवर दाटीने रात्र काढली. पुढे त्या गृहस्थास आपण कोणाचा अपमान केला हे कळले व तो क्षमा मागावयास आला, तेव्हा रानडे पाठ फिरवून चालते झाले. ह्या प्रकरणाचा पाठपुरावा करणार काय, असे गोखल्यांनी विचारले असता रानड्यांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की आपण तरी आपल्यातील अस्पृश्यांना कसे वागवितो? त्या बाबतीत आपले मन स्वच्छ आहे काय? रानड्यांच्या सहनशीलतेचे दृष्टांत पुष्कळ सांगतात. ह्या गोष्टीतील महत्त्वाचा भाग सहनशीलता हा नसून हा उलट प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

त्या प्रश्नाचे उत्तर लोणंदाच्याच लोहमार्गावर, दक्षिणेकडे थोड्याशाच अंतरावर असलेल्या मसूर स्टेशनात १९०१ साली मिळाले. साताऱ्यास राहणारा भीमराव आंबेडकर हा बालक आपला भाऊ व बहिणीची मुले ह्यांच्यासह वडिलांना भेटावयास निघाला होता. वडील खटाव तालुक्यात सरकारी तलावाच्या कामावर रोखपाल होते. मुलांच्या अंगावर प्रवासासाठी मुद्दाम शिवलेले नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. टांग्याने स्टेशन गाठले, तिकिटे काढली, गाडीत बसली. इतका वेळ त्यांना कोणी काही विचारले नाही. सायंकाळी पाचच्या सुमारास मसूरला उतरल्यावर पाहतात, तो न्यावयास कोणीच आलेले नाही. पत्र वेळेवर वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. स्टेशनमास्तराने आपुलकीने चौकशी केली. आम्ही महार, असे उत्तर ऐकताच त्याचा चेहरा पालटला.

बाहेर भाड्याच्या बैलगाड्या होत्या. मुले दुप्पट भाडे देण्यास तयार होती. पण एकही गाडीवान कबूल होईना. शेवटी तोड निघाली ती अशी: गाडी मुलांनी स्वतः हाकावी, गाडीवानाने बाजूने पायी चालावे, आणि भाडे मात्र दुप्पटच द्यावे. ती रात्र मुलांनी पाण्यावाचून काढली. बरोबर डबा होता, पण पाणी मिळेना म्हणून अन्न तसेच राहिले. नाक्यावरच्या माणसाकडे पाणी मागताना आपण मुसलमान आहो असे सांगा, असा सल्ला गाडीवानाने दिला होता. तो पाळूनही पाणी मिळाले नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेविली आहे.

वाचकांनी त्या गाडीकडे आमच्या विषयाच्या दृष्टीने क्षणभर पाहावे. भाडे दुप्पट, म्हणजे दर वरच्या वर्गाचा. उतारू गाडीत, गाडीचा मालक पायी. परका कोणी पाहील तर मुलांना सरदारपुत्रच समजेल. पहिल्या वर्गाची सारी बाह्य लक्षणे तेथे हजर होती. तरीही ती गाडी जगातल्या कोणत्याही तिसऱ्या वर्गाच्या खाली होती. पहिल्या वर्गात अंतर ज्याला हवे असते तो त्याची किंमत भरतो. मसूरला अंतर हवे होते गाडीवानाला, आणि किंमत भरली ती ज्यांना दूर ठेवावयाचे होते त्या मुलांनी. द्रव्याने मान विकत मिळतो हे आगगाडीचे आश्वासन स्टेशनाच्या फाटकापाशी संपले.

विमानाचा आरंभ ह्याहून निराळा झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला विमान आणले, ते टपालाचे. पहिल्या वर्षात त्या सेवेने नेलेले उतारू अवघे १५५. टपालाच्या थैल्यांतून जागा उरली तर उतारू. म्हणजे तेथे पहिला वर्ग पत्रांचा होता आणि माणसे दुय्यम. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी १९३९ साली विमानतळ उघडला, तेव्हाही आकाशात वर्गभेद असा नव्हता. विमानात बसणे हाच एक वर्ग होता. अटलांटिक महासागरावरील विमानांत १९५२ साली ‘टूरिस्ट’ वर्ग निघाला, तेव्हा कोठे उरलेला वर्ग पहिला ठरला. पहिल्या वर्गाची आसने उंच करून तो निर्माण झाला नाही; त्याच्या मागे दुसरे लोक आणून बसविल्याने झाला.

जमिनीवर ह्याच सुमारास उलट घडत होते. १ जून १९३० रोजी कल्याण-पुणे अशी ‘दख्खनची राणी’ सुरू झाली, ती त्या दुसऱ्या खंडाळ्यावरून. तीत केवळ पहिला व दुसरा वर्ग, तिसऱ्याला मज्जाव. दोन-तीन तासांच्या प्रवासासाठी गाडीच्या गाडी वेगळी राखणे, हा आजच्या बारा खुर्च्यांचा खरा पूर्वज म्हणावयास हरकत नाही. १९४९ च्या आरंभी तिचा पहिला वर्ग मोडला व दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. तिसरा वर्ग आत आला तो १९५५ साली. मधल्या काळात, योगायोगाने १ जून ह्याच तारखेस, १९४८ साली पुणे-अहमदनगर अशी सरकारी एस. टी. धावू लागली होती, आणि तीत वर्गच नव्हता.

आपल्याकडील विमानांतला पडदाही मध्यंतरी पुष्कळसा गळून पडला होता. २००३ साली एअर डेक्कनने लहान गावांना जोडणारी स्वस्त विमाने काढली, त्यांत सर्व खुर्च्या सारख्या. २०१७ साली ‘उडान’ योजनेची विमाने उडू लागली; तासाभराच्या प्रवासाला सरकारने ठरविलेल्या जागांचे भाडे २,५०० रुपयांहून अधिक नसावे, असा तिचा मूळ दंडक होता. विमान सामान्यांच्या आटोक्यात आले आणि पाठोपाठ छोट्या विमानातही बारा खुर्च्या निराळ्या झाल्या, हा क्रम आम्हांस आकस्मिक वाटत नाही. दख्खनच्या राणीत तिसरा वर्ग शिरताच ज्यांना चुकल्यासारखे झाले असेल, त्यांचेच वंशज ह्या खुर्च्यांवर बसतात असे म्हणणे अन्यायाचे होईल; बारांपैकी काहींचे आजे-पणजे मसूरच्या गाडीसारख्या गाड्यांतून गेलेले असतील, आणि त्यांनी हा पडदा आपल्या पाठीमागे ओढून घेतला तर त्यातला आनंद समजून घेण्याइतकी सहृदयता वाचकांपाशी खासच आहे. तिकीट देणारा आज जात विचारीत नाही; रानडे व बालक भीमराव ह्यांच्या काळापासून एवढे अंतर कापावयास शंभरावर वर्षे लागली. मात्र तासाभराच्या प्रवासातही कोणाच्या तरी पुढे बसल्यावाचून प्रवास झाल्यासारखे वाटू नये, ही खोड त्याहून पुष्कळ जुनी आहे.

लोहगावास विमानातून उतरलेल्या खंडाळ्याच्या उतारूला, न्यावयास मोटार आली नसेल तर, स्वारगेटला येऊन साताऱ्याची एस. टी. धरावी लागते. तेथे खिडकीतून ज्याचा रुमाल आधी पडेल, त्याची जागा.