थोडा वायू, मोठा परिणाम

इंदिरानगरच्या झगमगाटात आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. मात्र अशा तबकडीत तारे कसे जन्मतात, या प्रश्नाच्या इतिहासाशी बेंगळुरूचे नाते आहे.

१९६४ मध्ये अलार टूमरे यांनी तबकडीच्या गुरुत्वीय स्थैर्याचा निकष मांडला. तो ताऱ्यांच्या तबकडीसाठी होता. १९८४ मध्ये चंदा जोग व फिलिप सॉलोमन यांनी तारे आणि वायू यांचा एकत्रित विचार केला. वायू वस्तुमानाने थोडा. पण त्याच्या खळबळीचा वेग सेकंदाला सुमारे १० किलोमीटर, ताऱ्यांच्या स्वैर वेगाहून कमी. म्हणून तो गुरुत्वापुढे लवकर नमतो. दोन्ही घटक स्वतंत्रपणे स्थिर असले, तरी एकत्र अस्थिर ठरू शकतात. मग वायू दाटतो, तारे घडतात.

जोग पुढे येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. विद्यार्थ्यांनी समीकरणातील लहान पद वगळण्यापूर्वी हा इतिहास आठवावा.