इंडस क्रीड

इंडस क्रीड : मुंबई येथील इंग्रजी रॉक संगीताचा एक वृंद आणि त्याच नावाचा त्याचा गीतसंग्रह (१९९५). ‘इंडस’ म्हणजे सिंधू नदी आणि ‘क्रीड’ म्हणजे श्रद्धा किंवा मत. वृंदाची स्थापना १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ ह्या नावाने झाली. १९९३ मध्ये त्याने प्रस्तुत नाव धारण केले. दुसऱ्यांची गाजलेली गीते वाजविण्याची भारतीय रॉक वृंदांची जुनी रीत सोडून स्वरचित इंग्रजी गीतांचे ध्वनिमुद्रण सातत्याने करणाऱ्या वृंदांत त्याचे स्थान अग्रगण्य आहे. उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर व जयेश गांधी (गिटार), मार्क सेल्विन (बेस गिटार), झुबिन बालापोरिया (कीबोर्ड) आणि मार्क मेनेझिस व त्यांच्यानंतर बॉबी दुग्गल (ड्रम) हे ह्या काळातील त्याचे प्रमुख वादक-गायक होत.

मुंबईत पाश्चात्त्य संगीताची परंपरा जुनी आहे. हॉटेलांतील नृत्यसंगीत आणि जॅझ वाजविणाऱ्या गोमंतकीय वादकांनीच पुढे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांचा कणा घडविला. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट ही त्यांतील ठळक नावे. १९६० नंतर बीटल्सच्या प्रभावाने महाविद्यालयीन तरुणांचे लहानलहान गिटारवृंद निघाले. सिगारेट बनविणाऱ्या एका कंपनीने ‘सिमला बीट’ ह्या नावाने त्यांच्या स्पर्धा भरविल्या व त्यांतील निवडक गीतांच्या ध्वनिमुद्रिका १९७० व १९७१ मध्ये निघाल्या. मुंबईच्या ‘अटॉमिक फॉरेस्ट’ ह्या वृंदाची ‘ऑब्सेशन ७७’ ही ध्वनिमुद्रिका त्यानंतरच्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाली. पण तीतही परकीय गीतांचाच भरणा अधिक होता. श्रोत्यांची अपेक्षाच तशी होती. मूळ इंग्लिश वा अमेरिकन ध्वनिमुद्रिका दुर्मिळ आणि महाग, त्या गायकांचे प्रत्यक्ष दर्शन तर जवळजवळ अशक्य. अशा स्थितीत स्थानिक वृंदाने त्यांची हुबेहूब नक्कल करावी आणि तीवरूनच त्याचे मोल ठरावे, हे ओघाने आलेच.

रॉक मशीनची वाटचाल ह्याच वळणाने सुरू झाली. मात्र थोड्याच वर्षांत वृंदाने आपली गीते रचण्यास प्रारंभ केला आणि १९८८ मध्ये सीबीएस कंपनीने त्याचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा पहिला संग्रह काढला. ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा संग्रह १९९० मध्ये आला. ह्या दोहोंवर तत्कालीन अमेरिकन हार्ड रॉकची छाप स्पष्ट आहे : उंच पट्टीतील गायन, द्रुत गतीचे गिटारवादन, कीबोर्डचा भरघोस वापर व समूहाने म्हणावयाची ध्रुपदे. त्यांत मौलिकता किती हा वादाचा विषय ठरेल. परंतु मुंबईतील तरुणांनी स्वतः लिहिलेली व स्वतः वाजविलेली इंग्रजी गीते श्रोते पैसे देऊन विकत घेतात, एवढे त्यांनी सिद्ध केले. ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

ध्वनिमुद्रणाच्या सोयींचा प्रश्नही येथे लक्षात घ्यावा लागतो. फोर्ट भागातील ‘वेस्टर्न आउटडोअर’सारखे मुंबईतील सुसज्ज ध्वनिमुद्रणकक्ष प्रामुख्याने चित्रपटगीतांसाठी व जाहिरातींच्या सुरावटींसाठी वापरले जात. चित्रपटगीतात गायकाचा आवाज सर्वांत पुढे असतो व वाद्ये त्याला आधार देतात. रॉक संगीतात हे प्रमाण बदलते : ड्रम व बेस गिटार हा पाया, गिटार हा जवळजवळ दुसरा गायक, आणि गायकाचा आवाज ह्या गदारोळातून वाट काढीत येणारा. ही वाद्ये निरनिराळ्या पट्ट्यांवर मुद्रित करून नंतर त्यांचे मिश्रण करतात. हे मिश्रण हा रचनेचाच भाग असून त्याला वेळ व पैसा दोन्ही लागतात. पाळीच्या हिशेबाने भाडे आकारणाऱ्या कक्षात चित्रपटसंगीताच्या तुलनेने तुटपुंज्या बळावर असे काम करणे कठीणच. भारतीय रॉक ध्वनिमुद्रणांतील ड्रमचा आवाज पोकळ वाटतो, ही जुनी तक्रार वादकांच्या कौशल्यापेक्षा ह्या परिस्थितीकडे बोट दाखविते.

१९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टार ह्या उपग्रह दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले व त्यावरून एमटीव्ही ही संगीतवाहिनी भारतात दिसू लागली. त्याच वर्षी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या परिसरातून आलेल्या दोन संग्रहांनी रॉक संगीताची दिशा पालटली. ‘पर्ल जॅम’चा ‘टेन’ ऑगस्टमध्ये व ‘निर्वाणा’चा ‘नेव्हरमाइंड’ सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. जानेवारी १९९२ मध्ये ‘नेव्हरमाइंड’ने मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे सारून अमेरिकेतील विक्रीत पहिला क्रमांक मिळविला. ‘ग्रंज’ ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या ह्या शैलीत गिटारचा खरखरीत, जाड ध्वनी, हळुवार कडवे व त्यामागोमाग फुटणारे ध्रुपद, वेषभूषेतील जाणीवपूर्वक गबाळेपणा आणि एकाकीपणाचा सूर ही लक्षणे आढळतात. तिच्या आगमनाने आधीच्या दशकातील झगमगीत हार्ड रॉक एका फटक्यात कालबाह्य ठरले. पूर्वी अशा बदलांची वार्ता भारतात पोहोचण्यास वर्षे लागत. आता ती काही आठवड्यांत आली. पश्चिमेच्या मागून सावकाश चालण्याची जी सवलत भारतीय वृंदांना इतके दिवस होती, ती ह्या दूरचित्रवाणीने काढून घेतली.

परंतु तिनेच वृंदाला नवे व्यासपीठही दिले. १९९३ मध्ये ‘टॉप ऑफ द रॉक’ ह्या गीताच्या चित्रफितीस एमटीव्हीच्या वार्षिक पुरस्कारांत आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. वृंदाने नाव बदलले तेही ह्याच वर्षी. ‘रॉक मशीन’ हे नाव जगातील कोणत्याही शहरातील वृंदाला शोभले असते. ‘इंडस क्रीड’ ह्या नावाने मात्र आपण कोठून आलो हे सांगण्यास सुरुवात केली. नाव भारताकडे पाहणारे, भाषा इंग्रजीच. ह्या दोहोंतील ताण पुढे कायम राहिला.

१९९५ चा ‘इंडस क्रीड’ हा संग्रह ह्या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. त्याला ग्रंज म्हणणे बरोबर नाही. कीबोर्डचे स्थान त्यात टिकून आहे, वादनात सफाई आहे आणि सिअ‍ॅटलच्या वृंदांनी टाकून दिलेली सुरेलता येथे जपलेली आहे. तथापि आधीच्या दोन संग्रहांतील उत्सवी थाट मागे पडून सूर गंभीर व अंतर्मुख झाला आहे. ‘ट्रॅप्ड’ हे त्यातील सर्वांत गाजलेले गीत; कोंडीत सापडल्याचा भाव त्याच्या शीर्षकातच आहे. ह्या परिपक्वतेचे श्रेय केवळ परदेशी प्रभावाला देणे अन्यायाचे होईल. दहा-अकरा वर्षे एकत्र वाजविणाऱ्या वादकांची ती स्वाभाविक वाढही होती.

ह्या संग्रहाला काळ मात्र अनुकूल नव्हता. १९९४ मध्ये एमटीव्ही स्टारपासून विभक्त झाली व तिच्या जागी चॅनल व्ही आली. १९९६ मध्ये एमटीव्ही स्वतंत्रपणे भारतात परतली. मोठ्या शहरांतील इंग्रजी जाणणाऱ्या श्रोत्यांपलीकडे, जालन्यासारख्या जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचावयाचे, तर हिंदी गीतांवाचून गत्यंतर नाही, हे वाहिन्यांना व ध्वनिफिती काढणाऱ्या कंपन्यांना उमगले होते. बाबा सेहगल ह्यांच्या ‘ठंडा ठंडा पानी’ने (१९९२) त्याची चुणूक दाखविली होती. १९९५ मध्येच अलिशा चिनॉय ह्यांचा ‘मेड इन इंडिया’ प्रसिद्ध होऊन अफाट खपला. पाठोपाठ १९९६ मध्ये हरिहरन व लेस्ली लुईस ह्यांचा ‘कलोनियल कझिन्स’ व लकी अली ह्यांचा ‘सुनो’ आले. भारतीयत्वाची जी वाट इंडस क्रीडने नावातून शोधली, ती ह्या कलावंतांनी भाषेतून सहज गाठली. इंग्रजी रॉक मागे राहिले ते गुणांच्या अभावी नव्हे. त्याचा श्रोतृवर्ग निष्ठावंत असला, तरी संख्येने तोकडा होता. मुंबईत तो मुख्यतः धोबी तलावाजवळील रंगभवन ह्या खुल्या नाट्यगृहात जमे. १९७८ मध्ये सुरू झालेली ‘जॅझ यात्रा’ व त्यानंतरचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव ह्यांमुळे ते प्रसिद्धीस आले. परंतु ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये लागू झाल्यावर रुग्णालय व महाविद्यालय ह्यांच्या सान्निध्यामुळे तेथील कार्यक्रम बंद पडले.

त्यापूर्वीच, १९९७ च्या सुमारास, इंडस क्रीड विसर्जित झाले होते. बेनेगल व गांधी ह्यांनी न्यूयॉर्क येथे ‘आम्स फॉर शांती’ हा वृंद काढून भारतीय व पाश्चात्त्य संगीताच्या संयोगाचे प्रयोग केले. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर व बालापोरिया पुन्हा एकत्र आले. रुशाद मिस्त्री (बेस गिटार) व जय राव कवी (ड्रम) हे तरुण वादक त्यांना मिळाले. ‘इव्हॉल्व्ह’ हा त्यांचा संग्रह १९९५ नंतर तब्बल सतरा वर्षांनी, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे मिश्रण टिम पामर ह्यांनी केले. १९९१ मध्ये पर्ल जॅमच्या ‘टेन’चे मिश्रण करणारे ते हेच. (‘टेन’मधील घुमारा त्या वृंदाला पुढे खटकू लागला व २००९ मध्ये ब्रेंडन ओब्रायन ह्यांच्याकडून त्याचे नवे मिश्रण करविण्यात आले, हा भाग निराळा.) ‘इव्हॉल्व्ह’मधील गीते आधीच्या तुलनेने लांब व गुंतागुंतीची असून ड्रम व बेस गिटार ह्यांचा ध्वनी भरीव आहे.