कान्हेरीच्या पोढ्या

पश्चिम भारतातील बौद्ध लेण्यांचा विषय निघाला की आपल्यापुढे अजिंठ्याची चित्रे उभी राहतात, नाहीतर कार्ल्याचे चैत्यगृह उभे राहते. लेणे म्हणजे शिल्प, लेणे म्हणजे कला, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. लेणे ही प्रथमतः माणसांची वसती होती. तेथे माणसे राहत, अध्ययन करीत, आजारी पडत आणि तेथेच देह ठेवीत. वसती म्हटली म्हणजे पहिला प्रश्न पाण्याचा येतो. मुंबईसारख्या सागरकाठच्या महानगरात, बोरिवलीच्या पूर्वेस डोंगरउतारावर पसरलेली कान्हेरीची लेणी पाहताना हा प्रश्न आमच्यापुढे ज्या रीतीने उभा राहिला, त्याची हकीकत आणि त्यामागील इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही तासगावकडील उपासक-उपासिका धम्मसहलीस निघालो होतो. आमच्या तालुक्याचा पूर्वभाग पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी. द्राक्षे आणि बेदाणा यांनी तासगावचे नाव दूरवर गेले खरे, परंतु त्या वेलींच्या मुळाशी पाणी पोहोचविण्यासाठी माणसांनी काय सोसले, हे येथील प्रत्येक कुटुंब जाणते. अशा मुलखातील माणूस कोठेही गेला तरी आधी विहिरीत डोकावतो. किर्लोस्करवाडी स्थानकावर आम्ही रात्रीच्या मुंबईच्या गाडीत बसलो. कऱ्हाड गेले आणि थोड्या वेळाने मसूरचे स्थानक न थांबताच मागे पडले. सोबतच्या तरुणांना मी सांगितले की, हेच ते मसूर. इ. स. १९०१ मध्ये शाळकरी वयाचे भीमराव आपल्या भावासह व भाच्यांसह वडिलांकडे गोरेगावी जाण्यासाठी येथेच उतरले होते. मुले महार आहेत हे कळताच स्थानकप्रमुखाचा चेहरा पालटला. बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाडे देऊन आणि स्वतः हाकण्याच्या अटीवर. शिदोरी जवळ असूनही पाणी न मिळाल्याने मुलांना ती रात्र उपाशी काढावी लागली. बाबासाहेबांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. ती ऐकल्यावर डब्यात बराच वेळ कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारातून आत शिरलो. तेथून लेणी सुमारे सहा किलोमीटरवर आहेत. महानगराचा कोलाहल मागे पडतो, झाडी दाट होते आणि वळण संपताच काळ्या बेसाल्टचा विस्तीर्ण उतार दिसू लागतो. या उतारावर, ओढ्याच्या दोन्ही अंगांस, शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. प्राचीन शिलालेखांत या स्थानाचे नाव कण्हसेल असे येते, पुढे ते कृष्णगिरी झाले. दोहोंचा अर्थ एकच, काळा पहाड. कान्हेरी हे त्याचेच आजचे रूप.

त्या काळी मुंबई नावाचे नगर नव्हते. साष्टी बेटाच्या मधोमध हा डोंगर होता आणि त्याच्या आसपास सोपारा, कल्याण व चेमुल, म्हणजे आजचे चौल, ही गजबजलेली बंदरे होती. सोपारा येथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत आणि इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. या बंदरांतून निघालेला माल घाट चढून जुन्नर, नाशिक, पैठणकडे जाई. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर भिक्खू चालत आणि वर्षावासासाठी अशा डोंगरांवर थांबत. कान्हेरीची वसती इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झाली आणि जवळजवळ हजार वर्षे नांदली. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी कोकणचे शिलाहार त्याचे मांडलिक होते. त्या वेळच्या येथील लेखांत भिक्खूंची वस्त्रे, विहाराची दुरुस्ती आणि ग्रंथ यांसाठी द्रम्मांची देणगी नोंदलेली आहे. सुदूर गौड देशातून आलेला एक उपासकही या दात्यांत आहे. इ. स. १००९ व १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे पहलवी लिपीत कोरून ठेवली, ती आजही आहेत.

पाहणाऱ्याची पावले प्रथम तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाकडे वळतात. यज्ञ सातकर्णी याच्या काळी, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, गजसेन आणि गजमित्र या व्यापारी बंधूंनी ते कोरविले. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंस सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत. त्या नंतरच्या काळातील. अकरावे लेणे ‘दरबार’ म्हणून ओळखले जाते. आत बसण्यासाठी लांबलचक बुटके दगडी ओटे आहेत. एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. चौतिसाव्या लेण्याच्या छतावर बुद्धाचे अपुरे राहिलेले चित्र आहे. हे सर्व पाहण्यासारखेच आहे. परंतु आमच्या मंडळींचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने.

जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी एक टाके आहे. वरच्या कातळावर बारीक पन्हळी खोदलेल्या आहेत. पावसाचे पाणी त्या पन्हळींतून वाहत येते आणि लेण्याच्या कडेला, कातळाच्या पोटात खोदलेल्या टाक्यात साठते. तोंड लहान आणि पोट मोठे, त्यामुळे ऊन कमी लागते व पाणी कमी उडते. ओढ्यावर बांध घातल्याच्या खुणाही आहेत. चार महिने कोसळणाऱ्या कोकणच्या पावसावर उरलेले आठ महिने काढण्याची ही व्यवस्था आहे. शिलालेखांत या टाक्याला ‘पानीयपोढी’ किंवा नुसते ‘पोढी’ असे म्हटलेले आहे.

आता हे लेख कोणाचे आहेत ते पाहू. एकोणिसाव्या शतकात बर्ड, वेस्ट आदी अभ्यासकांनी त्यांचे ठसे व नकला घेतल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विदुषी डॉ. शोभना गोखले यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास करून इ. स. १९९१ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याजवळची पोढी कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दिली. दुसरी एक पोढी चेमुलच्या हेरणिकाच्या, म्हणजे कोषाधिकाऱ्याच्या मुलाने दिली. सोपाऱ्याचा मणिकार नागपालित याने सहपरिवार लेणे दिले. भिक्खुणीही येथे दात्या म्हणून भेटतात. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची कन्या होती. तिचा अमात्य सतेरक याने दिलेले दानही पाण्याच्या साठ्याचेच आहे. आणि कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने काय दिले? त्याने एक वाट दिली. लेणे कोरविण्याची ऐपत नसेल, परंतु छिन्नी-घण चालविणाऱ्या या माणसाने डोंगर चढणाऱ्यांसाठी वाट करून दिली आणि त्या दानाची नोंद राणीच्या अमात्याच्या नोंदीइतक्याच आदराने कातळावर झाली. शेत दान देऊन त्याच्या उत्पन्नातून भिक्खूंच्या चीवराची सोय केल्याचेही उल्लेख आहेत. त्यांतील मंगलथान हे गाव म्हणजे आजचे बोरिवलीचे मागाठाणे होय.

हे सर्व मी मंडळींना समजावून सांगत होतो. आमच्यासोबत द्राक्षबागेत मजुरी करून आयुष्य काढलेल्या एक आजी होत्या. त्या एका पोढीच्या काठावर बसल्या, आत वाकून पाहिले आणि म्हणाल्या, “गुर्जी, हे पाणी समद्यास्नी घेता येत हुतं का?”

प्रश्न साधा होता. ‘होय’ म्हणून मोकळे होणे सोपे होते आणि आमच्यापैकी काहींनी तसे म्हटलेही. परंतु जो इतिहास आपण स्वाभिमानासाठी वाचतो, तो खोट्या आधारावर उभा राहू नये, असे मला वाटले. म्हणून मी त्यांना सांगितले ते असे. दगड सांगतो ते एवढेच की, पाणी कोणी दिले आणि कोणाला दिले. देणारे सोनार, लोहार, व्यापारी, भिक्खुणी, अमात्य आहेत. त्यांची ओळख बहुधा गावावरून आणि व्यवसायावरून दिलेली आहे. घेणारा आहे भिक्खुसंघ. पश्चिम भारतातील लेण्यांच्या दानलेखांत त्याला पुष्कळदा ‘चारी दिशांचा संघ’ असे म्हटलेले आढळते. पायथ्याच्या गावातील कोणत्या माणसाने कोणत्या टाक्यावर घागर भरली, हे दगड सांगत नाही.

मात्र चारी दिशांचा संघ म्हणजे काय, हे बौद्ध वाङ्मय सांगते. त्या संघात न्हावी उपालीला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, यासाठी की त्यांनी त्याला वंदन करावे. रस्ते झाडणारा सुनीत त्याच संघात थेर झाला. आनंदाची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. विहिरीवर पाणी भरणाऱ्या मातंगकन्येकडे आनंदाने पाणी मागितले. तिने आपली जात सांगितली. तेव्हा आनंदाने उत्तर दिले की, आपण जात विचारलेली नाही, पाणी मागितले आहे. ज्या संघाने ही कथा शतकानुशतके जपली, त्या संघासाठी या पोढ्या खोदल्या गेल्या. तत्त्व काय होते हे यावरून निश्चित होते. रोजच्या व्यवहारात ते किती उतरले याचा पुरावा वेगळा लागतो, आणि तो शोधणे हे अभ्यासकाचे काम आहे.

येथे महाडचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांनी आपला हक्क कोणत्याही प्राचीन वैभवावर उभा केला नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा बोले यांचा ठराव इ. स. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात संमत झाला होता. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला होता. त्या ठरावांवर आणि माणूस म्हणून असलेल्या समतेवर तो हक्क उभा होता. खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय आपल्या बाजूने लागला. याचा अर्थ उघड आहे. पूर्वजांनी पोढ्या खोदल्या नसत्या, तरी पाण्यावरील आपला हक्क तसूभरही कमी झाला नसता. मग कान्हेरीचे आपल्याला काय? मला वाटते, कान्हेरी आपल्याला दानाचे कर्तव्य शिकविते. हक्क महाडने शिकविला. लोहाराने वाट द्यावी आणि सोनाराने पाणी द्यावे, हे या डोंगराने शिकविले.

आमच्या मुलखाचाही यात वाटा आहे, हे तासगावच्या मंडळींना सांगताना मला विशेष समाधान वाटले. भारहूतच्या स्तूपाला ज्यांनी दान दिले, त्यांत करहकटच्या, म्हणजे आपल्या कऱ्हाडच्या निगमाचे नाव कोरलेले आहे. तसेच रायगड जिल्ह्यातील खाडीकाठच्या कुडा येथे एक लेणे आहे, ते करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिले. कृष्णाकाठचा हा माणूस घाट उतरून समुद्रापर्यंत गेला आणि व्यापारात मिळविलेल्या धनातून त्याने भिक्खूंसाठी निवारा कोरविला. कऱ्हाडजवळच आगाशिवच्या डोंगरावर बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. तासगावहून तो एका दिवसात पाहून परतता येतो, तरी आपल्यापैकी कितीजणांनी तो पाहिला आहे?

परतण्यापूर्वी तरुणांनी दोन पोढ्यांच्या काठावर साचलेला पाला आणि सहलीला आलेल्या कोणी टाकलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या गोळा केल्या. आजींनी आपल्या पिशवीतील पाण्याची बाटली काढली आणि ती सर्वांत फिरविली. बुद्धवंदना घेऊन आम्ही डोंगर उतरलो.

विहारांच्या चालकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, लेण्यांवर सहली न्याव्यात, परंतु जाण्यापूर्वी तेथील एखादा तरी शिलालेख मुलांकडून वाचून घ्यावा. दात्याचे नाव, त्याचा व्यवसाय, त्याचे दान मुलांना पाठ असावे. आणि सुरुवात आगाशिवपासून करावी. तो डोंगर आपल्या दाराशी आहे.