बांबूचा कागद, कागदाची गाळणी

बल्लारपूरच्या गोंडकालीन किल्ल्याच्या तटाखालून वर्धा नदी वाहते. तेथे एकदा एका म्हाताऱ्या ढिवराला मी कागद कसा होतो हे मोठ्या हौसेने समजावून सांगत होतो. बांबू शिजवतात, त्याचे काळे पाणी निघते, हे ऐकल्यावर तो म्हणाला, “मंग ते पाणी गाळून घेतलं तं काय होते जी?” मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. या साध्या प्रश्नामागे अडीचशेहून अधिक वर्षांची खटपट आहे, हे मला मागाहून वाचताना कळले.

बल्लारपूरची कागद कंपनी १९४५ साली निघाली. तेव्हा चांदा जिल्हा अखंड होता. गडचिरोली त्यातून १९८२ साली वेगळा झाला. या रानातला बांबू बुरडाच्या हाती पडला तर त्याची सूप-टोपली होई, पेपर मिलमध्ये गेला तर कागद. कागदासाठी बांबूतला तंतू ठेवायचा आणि त्याला चिकटून असलेले लिग्निन काढायचे. म्हणून बांबूचे तुकडे कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइड यांच्या पाण्यात सुमारे १६०-१७० अंश उष्णतेवर शिजवतात. कार्ल डाल याने १८७९ साली डान्झिगला शोधलेली ही रीत जगभर चालते. उरलेले काळे पाणी आटवून भट्टीत जाळतात व सोडा परत मिळवतात. परंतु लगदा धुताना आणि पांढरा करताना निघणारे तपकिरी पाणी पातळ असते. ते आटवायचे म्हणजे इंधनाचा चुराडा! तेव्हा म्हाताऱ्याचे म्हणणे खरे. गाळायला हवे ते हेच.

पण लिग्निन पाण्यात विरघळलेले असते. फडक्यातून ते सहज निसटते. त्याला अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा लागतो. असा पापुद्रा प्रथम डोळ्यांत भरला तो १७४८ साली, नोले या फ्रेंच पाद्र्याला. मद्यार्काने भरलेल्या कुपीच्या तोंडाला डुकराचे मूत्राशय बांधून त्याने ती पाण्यात बुडवली, तर पाणी आत शिरून ते टम्म फुगले. पुढे १८६१ साली टॉमस ग्रॅहमने गंधकाम्लात बुडवून काढलेल्या कागदातून मीठ आणि डिंक वेगळे केले. पहा, कागदच गाळणी झाला! १९१८ साली झिग्मोंडीने नायट्रिक आम्लाचा संस्कार केलेल्या तंतूचा पडदा केला आणि १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब व आपल्या देशातून गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज अॅसिटेटचा असा पडदा बनवला, की खारे पाणी त्यातून गोडे होऊन येऊ लागले.

हे सेल्युलोज म्हणजे बांबूतला तोच तंतू! मग बांबूच्या पाण्याला बांबूचाच पडदा का लावू नये? मला ही कल्पना फार आवडली होती. रसायनशास्त्राने ती दोन ओळींत मोडली. सोड्याने तेलाचा साबण होतो ना, तसाच सोडा त्या पडद्यातले अॅसिटेट सोडवून टाकतो. साध्या पाण्याचा पीएच ७. हा पडदा ४ ते ६ च्या आसपास सुखी. काळ्या पाण्याचा पीएच १२-१३! तेथे त्याचा टिकाव लागणे नाही.

तर मग आम्ल घालून पाणी आधी सौम्य करा, असे कोणीही सुचवील. तेथेच तर फसगत आहे. सोड्याचा जोर ओसरला की लिग्निन साकळते आणि बांबूत लाकडापेक्षा जास्त असलेली सिलिका जेलीसारखी होऊन छिद्रे बुजवते. म्हणजे पाणी दाहक आहे तोवरच गाळावे लागते, आणि ते सोसणारा पडदाच घडवावा लागतो.

१९६५ साली पॉलिसल्फोन बाजारात आले. गंधकाच्या सांध्यांची ही साखळी पीएच १ पासून १३ पर्यंत शाबूत राहते. पण हिला पाण्याचे वावडे, आणि लिग्निनला मात्र ही प्रिय; त्यामुळे पृष्ठभागाला पाणी आवडेल असा मुलामा द्यावा लागतो. १९७० नंतरचे पॉलिअमाइडचे पडदे मीठ छान अडवतात, पण क्लोरीन लागला की विरतात, आणि लगदा पांढरा करण्यात क्लोरीन मुरलेला! आता चिनी मातीच्या जातीच्या पडद्यांकडे पाहा. फ्रान्समध्ये युरेनियम निवडण्यासाठी, एका अत्यंत खवचट वायूला पुरून उरतील असे, हे भाजलेले पडदे केले गेले. १९८० नंतर ते दुधात आणि पाण्यात आले. त्यातही अॅल्युमिना कडक गरम सोड्यात हळूहळू झिजते. झिर्कोनिया आणि टिटॅनिया अधिक चिवट. किंमत जबर, आणि हातातून पडला तर तुकडे. शेवटी कुंभाराची भट्टीच कामाला आली म्हणायची!

स्वीडन आणि जपानमधल्या कागद कारखान्यांनी असे गाळणे चालवून दाखवले आहे. पडदा रोज मळतो. तो धुतात कशाने, तर पुन्हा सोड्यानेच.

म्हाताऱ्याला हे सारे सांगितले असते तर त्याने लगेच विचारले असते, “अन् अडकलं त्याचं काय करता जी?” कारण पडदा घाण नाहीशी करत नाही, नुसती बाजूला काढतो. दाट झालेले ते पाणी काळ्या पाण्यात मिसळून भट्टीत जाळता येते, भट्टीला तेवढी पोच असेल तर. नसेल तर ते टाकीत साठत राहते, आणि टाकीही कधीतरी भरतेच.