फिलाडेल्फियातील पहिला हिवाळा

आपल्या छत्रपती संभाजीनगरातील ज्ञातिकुटुंबांतून उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या मुलामुलींचे आता कोणालाच नवल वाटत नाही. परंतु हा मार्ग ज्यांनी प्रथम तुडविला, त्यांना तेथील पहिल्या हिवाळ्याची काय किंमत मोजावी लागली, याचे स्मरण ठेवणे हे आम्ही ज्ञातिमंडळाचे कर्तव्य समजतो.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव सर्वांस परिचित आहे. त्यांचा जन्म 1865 सालचा. वयाच्या नवव्या वर्षी विवाह झाला आणि चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. वैद्यक शिकण्याचा निश्चय त्यांनी केला तो या दुःखानंतर. स्त्रियांना वैद्यकाचे पुरे शिक्षण मिळण्याची सोय येथे नव्हती. अमेरिकेला जावयाचे ठरताच समाजात गहजब उडाला. तेव्हा 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून त्यांनी आक्षेपकांना उत्तरे दिली. ज्ञातिबहिष्काराचे भय आपणांस नाही, कारण येथे राहतो तसेच तेथे राहू आणि आहार, वेष, आचार यांत लवमात्र फरक करणार नाही, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षेही पूर्ण नव्हते.

7 एप्रिल रोजी त्यांनी कलकत्ता सोडले व 4 जून रोजी न्यूयॉर्क गाठले. थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी रोझेल गावी त्यांना पोटच्या मुलीप्रमाणे सांभाळले. उन्हाळा सुखात गेला. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात अभ्यास सुरू झाला आणि पाठोपाठ हिवाळा आला.

आपल्याकडे पौषातल्या पहाटे थोडी हुडहुडी भरली की आपण शेकोटीभोवती जमतो. तेथे रात्रीच्या रात्री पाणी गोठत असते. आनंदीबाईंना मिळालेल्या खोलीतील शेगडी सदोष होती. पेटवावी तर खोली धुराने कोंदे, न पेटवावी तर अंग गारठे. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या व कंबर उघडी राहत. पुष्कळ विचारांती त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. तिच्याखाली परकर घालता येई व पावलांपर्यंत अंग झाके. नेसण्याच्या एवढ्याशा फरकाचाही त्यांना इतका विचार करावा लागला, यावरून दिलेल्या शब्दाचे ओझे केवढे होते ते कळते. शाकाहार मात्र त्यांनी सोडला नाही. थंडी आणि अपुरा आहार यांनी मूळची नाजूक प्रकृती खालावत गेली.

तरीही 11 मार्च 1886 रोजी त्या एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. पण क्षयाने तोवर त्यांना ग्रासले होते. मायदेशी परतल्यावर 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली.

क्षय केवळ थंडीने झाला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु सात समुद्रांपलीकडे त्या मुलीवर ज्ञातीची नजर पोहोचली, ज्ञातीची ऊब मात्र पोहोचली नाही. ती एका परक्या बाईने दिली, हे आपण विसरता कामा नये. परतल्यावर त्यांचे स्वागत झाले, मृत्यूनंतर गुणगान झाले. हिवाळा तेवढा त्यांना एकट्याने काढावा लागला.

आपणही यशस्वी होऊन आलेल्यांना शाल-श्रीफळ देतो. त्यातली शाल जाताना द्यावी, अशी आमची सूचना आहे. आपल्या गावची हिमरूची शाल त्यासाठी उत्तम. तिच्याबरोबर त्या देशी असलेल्या ज्ञातिबांधवांचे पत्ते द्यावेत, आणि पहिल्या डिसेंबरात मंडळातर्फे आवर्जून विचारपूस व्हावी. मूल काय खाते, काय नेसते याची चौकशी त्यात नसावी. खोली उबदार आहे ना, एवढेच विचारावे.