शिपायाची बंदूक आणि रयतेचे घर

आपल्या समाजातील ज्या जुन्या घराण्यांकडे पूर्वी मालगुजारी होती, त्यांच्या वाड्यांत देवघर, धान्याची कोठी आणि जमाखर्चाची पेटी यांच्याबरोबर एखादी बंदूकही असे. आजच्या तरुण पिढीस तिचे मोठे कुतूहल वाटते. अमेरिकेत लष्कराने मोडीत काढलेली रायफल सामान्य गृहस्थ विकत घेतो, तिला तेलपाणी करतो आणि आपल्या संग्रहात मानाने ठेवतो, हे या पिढीच्या वाचनात आलेले असते. मग साहजिकच प्रश्न निघतो की, आपल्या सैन्याची जुनी रायफल आपल्यास का मिळू नये? या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येईल, परंतु त्या ओळीमागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो आपल्या मुलाबाळांस ठाऊक असणे इष्ट आहे.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात १८५७ च्या एन्फिल्ड बंदुकीचे काडतूस आणि त्यास लावलेली चरबी एवढे हमखास असते. त्यानंतर काय झाले, हे मात्र विद्यार्थ्यांस क्वचितच सांगितले जाते. त्या उठावाची धास्ती घेतलेल्या सरकारने पुढे कित्येक वर्षे हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या सोल्जरापेक्षा एक पिढी मागची बंदूक दिली. जे स्वतःच्या शिपायाच्या बाबतीत, तेच रयतेच्या बाबतीत अधिक कठोरपणे. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसास शस्त्र बाळगण्यासाठी परवाना आवश्यक ठरला आणि युरोपीय त्यातून मोकळे राहिले. याच लिटनसाहेबांचा देशी वृत्तपत्रांवरील कायदा १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने रद्द केला, पण शस्त्रांच्या कायद्यास त्याने हात लावला नाही. लेखणीपेक्षा बंदुकीचे भय सरकारास अधिक होते, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

या अपमानाची चीड आपल्या नागपूर प्रांतात एकदा उघडपणे प्रकट झाली. १९२७ मध्ये नागपुरात मंचरशा आवारी यांनी शस्त्रसत्याग्रह पुकारला. बंगालमधील स्थानबद्ध देशभक्तांची सुटका व्हावी म्हणून कायदा मोडून तलवारी घेऊन मिरवणुका काढण्यात आल्या. गांधीजींना हा मार्ग पसंत नव्हता. आवारींना कारावास झाला, आणि तेथेही त्यांनी दीर्घ उपोषण केले. हे गृहस्थ पारशी होते. ‘जनरल आवारी’ याच नावाने ते नागपुरात ओळखले जात. पुढे १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. स्वतंत्र भारताच्या घटनेत मात्र तो आला नाही. तेथे शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बंदुकीवरील खरे नियंत्रण काडतुसाच्या मापाने होते, आणि ही युक्ती इंग्रजांनी फार लवकर ओळखली. नळी आणि दस्ता गावचा कुशल लोहार-सुतारही घडवू शकेल. अचूक काडतूस कारखान्याविना होत नाही. मार्टिनी-हेन्री ही .४५० मापाची जुनी लष्करी बंदूक बंडखोरांच्या हाती पडू लागली, तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या मापाच्या रायफली आणि काडतुसे हिंदुस्थानात आणण्यावर बंदी घालण्यात आली. वाघ-हत्तींच्या शिकारीस निघणाऱ्या साहेब लोकांचीही त्यामुळे पंचाईत झाली. विलायतेच्या बंदूकवाल्यांनी मग .४६५, .४७० अशी नवी मापे काढून तो प्रश्न सोडविला. सैन्याची .३०३, जी आपल्याकडे सर्वतोमुखी ‘थ्री नॉट थ्री’ झाली, तिच्याबाबतही हेच धोरण राहिले. खाजगी माणसासाठी .३१५ हे वेगळे माप रूढ झाले. त्याचे काडतूस मूळ ऑस्ट्रियाच्या जुन्या लष्करी काडतुसावरून घेतलेले. वाचकांनी लक्षात घ्यावे की, .३१५ ची गोळी .३०३ पेक्षा किंचित जाडच आहे. मुद्दा ताकदीचा नव्हताच. सैन्याचे चोरलेले काडतूस रयतेच्या बंदुकीत बसू नये, एवढाच त्यातील हेतू. .३०३ चे काडतूस लांब असल्याने ते .३१५ च्या घरात शिरत नाही.

यापेक्षाही बोलका नमुना .४१० मस्केटचा आहे. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ली-एन्फिल्ड रायफलींचीच नळी आतून गुळगुळीत करून एका वेळी एकच बार उडेल अशी बंदूक तयार करण्यात आली आणि ती पोलीस व पहारेकऱ्यांस देण्यात आली. ती कोणी हिसकावून नेली तरी तिच्यात लष्करी काडतूस चालू नये. सरकारने आपल्याच पहारेकऱ्याच्या हाती दिलेली ही बंदूक पाहिली की, त्या राजवटीचा विश्वास किती खोल होता हे कळते.

या काडतुसांचा आपल्या महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तेथील काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरे असत. थ्री नॉट थ्रीची कोट्यवधी काडतुसे जगभरच्या रणांगणांवर उडाली, त्यांपैकी पुष्कळांवर हीच अक्षरे होती. आपल्या भागात शेतकऱ्याच्या .३१५ बंदुकीतून निघालेल्या रिकाम्या पुंगळीच्या बुडाशीही तीच सापडतात. सैन्याचे आणि रयतेचे काडतूस एकाच कारखान्याचे, परंतु जाती दोन!

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम झाला आणि तो १९६२ पासून अमलात आला. गोऱ्या-काळ्याचा भेद केव्हाच गेला होता. काडतुसाचा भेद मात्र राहिला. .३०३ वा ७.६२ मापाची रायफल, तसेच ज्या रायफलीत सैन्याचे ते काडतूस बसून उडू शकेल अशी कोणतीही रायफल प्रतिबंधित वर्गात घातलेली आहे, आणि तिला केंद्र सरकारची खास परवानगी लागते. म्हणून सैन्य वा पोलीस यांनी मोडीत काढलेली रायफल सामान्य नागरिकाच्या संग्रहात येण्याचा मार्ग आपल्याकडे नाही. तरुणांच्या प्रश्नाचे एका ओळीतील उत्तर ते हेच.

यातील विपर्यास असा की, आपल्या रायफली परदेशातील संग्रहांत गेल्या. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर इशापुरास जुन्याच घडणीवर, पण ७.६२ मापाची ‘टू-ए’ रायफल निघाली. कालांतराने ती निरुपयोगी ठरली आणि तिचे अनेक नग अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी नेऊन विकले. तेथील गृहस्थ तिच्यावरील ‘आर एफ आय’ ही अक्षरे आणि सिंहमुद्रा कौतुकाने दाखवितो. अर्थात अमेरिकेचेही सर्वच अनुकरणीय नाही. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांचा वध झाला तो टपालाने मागविलेल्या इटलीच्या मोडीतील लष्करी रायफलीनेच. १९६८ च्या कायद्याने अशा रायफलींची आयात तेथे रोखली गेली. १९८४ मध्ये जुन्या, संग्राह्य शस्त्रांपुरती ती पुन्हा खुली झाली. आपल्या जिल्ह्याच्या सालेकसा-देवरीकडील जंगलभागाने नक्षलवादाचे जे दिवस पाहिले आहेत, ते आठवता सैन्याची बंदूक घरोघरी असावी असे मी तरी म्हणणार नाही.

आपल्या घरांत जे होते, ते निराळेच. बहुधा ठासणीची बंदूक, जिला आपल्याकडे भरमार म्हणतात. दारू ओतायची, चिंध्यांचा बोळा ठासायचा, छर्रे घालायचे आणि रानडुकरांपासून धान राखायचे. सधन मालगुजारांकडे बारा बोअरची दुनळी असे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही संपली. बंदूक खुंटीवर राहिली आणि निवडणुकीच्या दिवसांत पोलीस ठाण्यात जमा होऊन पावतीसह परत येणे एवढाच तिचा प्रवास उरला. १९८३ मध्ये एका व्यक्तीस तीन शस्त्रांची मर्यादा आली. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली, वारसाहक्काच्या शस्त्रांसही ती लागू केली, आणि अधिकचे शस्त्र एका वर्षात जमा करावे असे ठरले. वडील, आजोबा आणि पणजोबा यांच्या तीन बंदुका एकाच नातवाकडे आल्या असतील, तर त्यांतील एक त्या वेळी घराबाहेर गेली.

ती गेली याचे दुःख मी फार करीत नाही. तिची नोंद न ठेवता ती गेली याचे मात्र करतो. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, जे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, त्यांनी १९२० च्या सुमारास संग्रहास प्रारंभ केला आणि अडकित्त्यांपासून शस्त्रांपर्यंत हजारो वस्तू दारोदार हिंडून जमविल्या. लोकांनी अडगळ समजून टाकलेले त्यांनी उचलले, म्हणून आज ते पाहावयास मिळते. आपल्या भागात असा कोणी केळकर झाला नाही.

तरी ज्यांच्याकडे अद्याप बंदूक आहे, त्यांनी एवढे करावे. नळीवरील व खटक्याजवळील अक्षरे, मुद्रा, साल आणि क्रमांक जसेच्या तसे वहीत उतरून घ्यावेत. इशापूरच्या जुन्या रायफलीवर राजमुकुट आणि ‘जी आर आय’ असे, स्वातंत्र्यानंतर तेथे सिंहमुद्रा आली. .४१० मस्केटसारख्या रूपांतरित बंदुकीवरही मूळ रायफलीच्या खुणा कधी कधी राहिलेल्या असतात. जुना परवाना फाडू नये. त्यावर पणजोबांचे नाव, गाव, आणि पुष्कळदा बंदूक कशासाठी घेतली तेही लिहिलेले असते. परवानाधारक निवर्तल्यास वारसाने शस्त्र पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. ते माळ्यावर दडवून ठेवणे हा अपराध आहे. जे शस्त्र पुरातन असून दुरुस्त करूनही उडू शकत नाही, त्याची गणना कायदा निराळी करतो. परंतु ते तसे आहे की नाही, याचा निर्णय आपण घरबसल्या करू नये.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्रीच होत्या. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी उत्तर प्रदेश पोलिसांनी संचलनात तिला निरोप दिला. मोडीत निघणाऱ्या अशा रायफलींपैकी एक-एक नग कायमचा निकामी करून प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी काचेच्या कपाटात ठेवला आणि शेजारी एक भरमार ठेवली, तर शाळेच्या मुलांस वरील सर्व हकीकत पाच मिनिटांत समजावून देता येईल. नागपूरच्या अजबबंगल्यापर्यंत गोंदियाची किती मुले पोहोचणार?