रेणूंच्या दप्तरखान्यातून

कोट्यवधी बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या अफाट जाळ्यातून एखादी विवक्षित आकृती शोधून काढण्याची जी विद्या आज संगणकशास्त्रात प्रतिष्ठा पावली आहे, तिची मुळे रसायनशास्त्राच्या दप्तरखान्यात किती खोलवर गेली आहेत याचा उच्चार व्हावा तितका होत नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो. अणू हे बिंदू आणि बंध ह्या रेषा, हे साम्य इंग्रज गणितज्ञ सिल्व्हेस्टर यांनी १८७८ सालीच मांडले होते. पण शोधाची खरी निकड भासली ती अमेरिकेच्या पेटंट कचेरीला.

नव्या संयुगावर हक्क सांगणारा अर्ज दाखल झाला, की अमुक वलय व त्याला जोडलेला तमुक गट असलेला पदार्थ पूर्वी कोणी नोंदविला आहे काय, याची रुजुवात तपासनिसाला करावी लागे. आणि एकाच पदार्थाला अनेक नावे असल्यामुळे, शिवाय विचारलेला अंश मोठ्या रेणूच्या पोटात दडलेला असल्यामुळे, अकारविल्हे सूची अशा वेळी अपुरी पडे. १९५७ साली रे आणि कर्श या दोघांनी हे काम यंत्राकडे सोपविण्याची रीत प्रसिद्ध केली: विचारलेल्या आकृतीतील एक अणू नोंदीतील एखाद्या अणूवर बसवावा, बंधाबंधाने पुढे सरकत शेजाऱ्यांचा मुकाबला करावा, आणि वाट खुंटली की एक पाऊल मागे येऊन दुसरा पर्याय घ्यावा. (त्याच वर्षी कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात अंकरूपाने उतरविले आणि जगाने त्यांना त्या चित्रासाठी लक्षात ठेवले; पण दप्तरशोधाचे त्यांचे कार्य मला त्याहून कमी मोलाचे वाटत नाही.)

तथापि बिंदू वाढले, की पर्याय भयावह वेगाने वाढतात, आणि १९७१ साली स्टीफन कुक यांनी हा प्रश्न ज्या दुर्घट प्रश्नांच्या पंक्तीत बसविला, त्यांच्यावर सर्व प्रसंगी लागू पडणारा शीघ्र उपाय अद्याप कोणालाही गवसलेला नाही. म्हणून सारे कौशल्य एकवटले ते जुळणीपूर्वीच्या छाननीत. विचारलेल्या अंशात नत्राचा अणू असेल, तर नत्रविरहित संयुगे उघडून पाहण्याचे प्रयोजनच उरत नाही. १९६५ साली ससेनगुथ यांनी अणूची जात व बंधसंख्या यांवरून गट पाडून उमेदवार कमी केले. त्याच वर्षी कोलंबस येथील केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसमध्ये मॉर्गन यांनी प्रत्येक अणूला शेजाऱ्यांच्या संख्येइतके मूल्य देऊन, मग शेजाऱ्यांच्या मूल्यांची पुनःपुन्हा बेरीज करीत, रेणूतील अणूंचा एकच निश्चित क्रम लावण्याची युक्ती सिद्ध केली, म्हणजे एकाच पदार्थाच्या अनेक नावांची अडचण टळावी. उलमान यांनी १९७६ साली घातलेला निर्बंध तर आजही कामास येतो: ज्या बिंदूच्या शेजारात, विचारलेल्या आकृतीतील तो ज्या जागी बसवायचा तिच्या प्रत्येक शेजाऱ्यासाठी निदान एक उमेदवार शिल्लक नाही, तो बिंदू त्या जागेसाठी तत्काळ बाद.

पुढे माहितीसाठ्यांच्या व्यवहारात अशाच शोधासाठी, रेषांची यादी हा तक्ता मानून, दोन-दोन तक्ते जोडत जाण्याची वहिवाट पडली आणि ती महागात पडू लागली. दहा लाख रेषांच्या जाळ्यात त्रिकोण शोधताना मधल्या पायरीवर लागून असलेल्या रेषांच्या जोड्या जवळजवळ पन्नास हजार कोटींपर्यंत जाऊ शकतात, आणि त्रिकोण मात्र पन्नास कोटींच्या आतच राहतात, असे गणित सांगते. हा निष्फळ पसारा टाळण्यासाठी २०१२ च्या सुमारास ज्या पद्धती पुढे आल्या, त्यांपैकी काहींनी एकेक बिंदू घेऊन त्याच्यावरील सर्व अटी एकाच वेळी तपासण्याची रीत पत्करली, आणि ती रे व कर्श यांच्या रीतीच्या पुष्कळच जवळची आहे.